शस्त्र आणि शांती : बायबल व कुराण यांचे वाचन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



धर्मग्रंथांचा विषय निघाला आणि त्यातही हिंसा व शांती यांविषयी दोन ग्रंथांची तुलना करावयाची ठरली, की वक्ता आणि श्रोता या दोघांचीही परीक्षा सुरू होते. बायबल आणि कुराण यांविषयी तर बहुतेकांची मते ग्रंथ उघडण्यापूर्वीच तयार असतात. एका मताप्रमाणे बायबल हा प्रेमाचा ग्रंथ आणि कुराण हा तलवारीचा ग्रंथ होय. दुसऱ्या मताप्रमाणे सर्व धर्मग्रंथ एकच गोष्ट सांगतात व ती म्हणजे शांती. मग तुलनेचे कारणच उरत नाही. ही मते परस्परविरोधी दिसली तरी त्यांच्यात एक साम्य आहे. दोहोंपैकी कोणतेही मत बाळगण्यासाठी ग्रंथ वाचण्याची आवश्यकता पडत नाही.

ग्रंथ प्रत्यक्ष वाचू लागले म्हणजे चित्र निराळे दिसते. दोन्ही ग्रंथांत युद्धाची आज्ञा देणारी वचने आहेत आणि दोन्ही ग्रंथांत वैर शमविणारी वचनेही आहेत. तेव्हा खरा प्रश्न असा उभा राहतो की, दोन वचनांची दिशा भिन्न दिसू लागली तर कोणत्या वचनाच्या प्रकाशात कोणते वचन वाचावयाचे? हा निर्णय पुष्कळदा वाचणारा घेतो, आणि त्याचे उत्तरदायित्वही त्याच्यावरच येते. या एकाच मुद्द्याचा विचार येथे करावयाचा आहे.

दोन ग्रंथांची घडण

बायबल हा वस्तुतः एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रोटेस्टंट परंपरेत त्यात ६६ आणि कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके मोजली जातात. राजांचे वृत्तांत, विधिनियम, स्तोत्रे, संदेष्ट्यांची वाणी, शुभवर्तमाने आणि पत्रे असा विविध ऐवज सुमारे हजार वर्षांच्या कालखंडात अनेकांच्या हातून लिहिला गेला. त्यातील जुना करार हा मुळात ज्यू समाजाचा धर्मग्रंथ आहे. नवा करार ख्रिस्ती समाजाचा. कुराणाची गोष्ट वेगळी आहे. ११४ सूरांचा हा ग्रंथ इस्लामी श्रद्धेनुसार इसवी सन ६१० ते ६३२ या अवधीत हजरत महंमद पैगंबर या एकाच व्यक्तीवर अवतरला. ख्रिस्ती परंपरा सामान्यतः बायबलला ईश्वरी प्रेरणेने माणसांनी लिहिलेला ग्रंथ मानते. मुस्लिम परंपरा कुराणाला साक्षात ईश्वराची वाणी मानते.

या भेदाचा परिणाम अर्थनिर्णयावर होतो. एखादे कठोर वचन समोर आले, की ते जुन्या करारातील आहे व येशूच्या शिकवणीने ते मागे पडले, असे ख्रिस्ती भाष्यकार म्हणू शकतो. मुस्लिम भाष्यकाराला असे म्हणता येत नाही. तो वचन ज्या प्रसंगी अवतरले तो प्रसंग शोधतो आणि त्या प्रसंगापुरता अर्थ कोणता व सर्वकाळचा अर्थ कोणता, याचा निर्णय करतो.

दुसरा भेद दोन धर्मसंस्थापकांच्या जीवनाचा आहे. येशूच्या हाती कधीही राज्यसत्ता नव्हती. रोमन साम्राज्याच्या अधिकाऱ्याने त्यास क्रुसावर मृत्यू दिला. महंमद पैगंबरांनी मक्केत सुमारे बारा वर्षे छळ सोसला, परंतु ६२२ साली मदिनेस गेल्यानंतर एका समाजाचे रक्षण, न्यायदान, तह आणि युद्ध ही सर्व कर्तव्ये त्यांच्याकडे आली. म्हणून येशूचे गिरिप्रवचन आणि मदिनेतील युद्धविषयक आयती शेजारी ठेवून निकाल देणे म्हणजे विरक्ताच्या उपदेशाची शासनकर्त्याच्या आज्ञापत्राशी तुलना करणे होय. ख्रिस्ती समाजाच्या हाती सत्ता आल्यावर त्याने काय केले, हेही त्या तराजूत पडले पाहिजे.

बायबलमधील दोन प्रवाह

जुन्या करारातील यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगराच्या पाडावाचे वर्णन आहे. राहाब नावाची एक स्त्री व तिचे कुटुंब वगळता नगरातील स्त्री-पुरुष, वृद्ध, बालके आणि जनावरे यांचा संहार झाला, असे तेथे सांगितले आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात अमालेकी लोकांना तान्ह्या मुलांसह नष्ट करण्याची आज्ञा शौल राजास मिळते. त्याने शत्रूचा राजा व उत्तम गुरे जिवंत ठेवली म्हणून त्यास दोष लागतो. या वचनांत संदिग्धता नाही. ती वाचताना श्रद्धाळू ख्रिस्ती व ज्यू वाचकही शतकानुशतके अस्वस्थ झाले आहेत.

त्याच जुन्या करारात यशया आणि मीखा हे संदेष्टे अशा काळाचे चित्र रेखाटतात की, ज्यात राष्ट्रे तलवारी ठोकून त्यांचे फाळ करतील आणि युद्धविद्या विसरून जातील. मात्र योएल या संदेष्ट्याच्या पुस्तकात हीच प्रतिमा उलटी आली आहे. तेथे फाळांच्या तलवारी करण्याची हाक आहे. एकाच संग्रहात नांगर आणि तलवार यांचा प्रवास दोन्ही दिशांनी झाला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नव्या करारात मत्तयाच्या शुभवर्तमानातील ५व्या अध्यायात येशू प्रतिकाराचा त्याग आणि शत्रूवर प्रेम यांचा उपदेश करतो. अटकेच्या वेळी शिष्याने उपसलेली तलवार तो म्यान करावयास लावतो. तथापि त्याच शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात आपण शांतता नव्हे तर तलवार आणण्यास आलो आहोत, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. संदर्भ पाहिला तर तेथे श्रद्धेमुळे घरातच पडणाऱ्या फुटीविषयी बोलणे चालले आहे. संदर्भ सोडला, की हेच वचन युद्धगर्जना वाटते. प्रकटीकरणाच्या पुस्तकात तर अंतिम युद्धाची रक्तरंजित दृश्ये आहेत.

या प्रवाहांची सांगड कशी घालावी, यासाठी प्रारंभीच्या शतकांत निरनिराळे मार्ग निघाले. दुसऱ्या शतकातील मार्कियन याने जुना करारच नाकारला. चर्चने त्याचे मत पाखंड ठरवले. तिसऱ्या शतकातील ओरिजन याने यहोशवाच्या युद्धांचा अर्थ अंतर्मुख केला. ज्या शत्रूंचा समूळ नाश करावयाचा ते माणसाच्या अंतःकरणातील विकार होत, असे त्याने प्रतिपादिले. 'अरिहंत' या शब्दातील 'अरि' कोण, हे जाणणाऱ्या श्रोत्यांना या अर्थपद्धतीचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु चौथ्या शतकात रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ओरिजनच्या अंतर्मुख अर्थाशेजारी शब्दशः अर्थही पुन्हा डोके वर काढू लागला.

एका दृष्टांताची कथा

वाचणाऱ्याचा निर्णय किती दूरवर पोहोचतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात मेजवानीचा दृष्टांत आहे. आमंत्रित पाहुणे सबबी सांगून येत नाहीत, तेव्हा यजमान गरीब, पंगू आणि आंधळे यांना बोलावतो. तरीही जागा उरते, म्हणून रस्त्यावरील लोकांना आग्रहाने आत आणावे, असे तो सेवकास सांगतो. ही गोष्ट ईश्वराच्या औदार्याची आहे. तिच्यात शस्त्र नाही, शिक्षा नाही, न्यायालय नाही.

पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाशी चर्चचा संघर्ष चालू होता. संत ऑगस्टीन यांनी आरंभी बळजबरीस विरोध केला होता. पुढे शासनाच्या दंडामुळे लोक परत येत आहेत असे पाहून त्यांनी मत बदलले, आणि या दृष्टांतातील 'आत आणण्याच्या' आज्ञेचा आधार घेऊन सक्तीचे समर्थन केले. त्यांना देहदंड मान्य नव्हता. परंतु एकदा उघडलेले दार पुढील पिढ्यांनी अधिक रुंद केले. याच्या पुढच्या टप्प्यावर युरोपात पाखंड्यांना जाळण्यापर्यंत मजल गेली. १०९५ साली पोप दुसरे अर्बन यांनी क्रुसेडचे आवाहन केले. १०९६ साली ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स व माइन्झ येथील ज्यू वस्त्यांची कत्तल झाली आणि १०९९ साली जेरुसलेममध्ये रक्तपात झाला. शत्रूवर प्रेम करण्याचा उपदेश त्या काळीही ग्रंथात होताच.

१६८५ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने नान्तचा फर्मान रद्द करून प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. त्याच वर्षी पिएर बेल या निर्वासित प्रोटेस्टंट विचारवंताचा भाऊ फ्रान्समधील तुरुंगात मरण पावला. सक्तीच्या समर्थकांच्या तोंडी ऑगस्टीन यांनी पुढे केलेले तेच वचन होते. रॉटरडॅममध्ये राहणाऱ्या बेल याने १६८६ पासून त्या एका वचनावर सविस्तर भाष्य प्रसिद्ध केले. त्याचा सिद्धांत थोडक्यात असा : ज्या शब्दार्थातून दुष्कृत्य करण्याचे कर्तव्य निष्पन्न होते, तो शब्दार्थ खोटा समजावा. भावाच्या मृत्यूने व्यथित झालेल्या या माणसाने ग्रंथ फेकून दिला नाही. ग्रंथ कसा वाचावा याचा नियम मांडला. रोमन कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्य हा माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क होय, असे औपचारिकरीत्या जाहीर केले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी. दृष्टांत तोच होता. त्याच्या अर्थापायी दीड हजार वर्षे गेली.

कुराणातील दोन प्रवाह

कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील १९०वी आयत, जे लढतात त्यांच्याशी लढण्याची अनुज्ञा देते आणि मर्यादा न ओलांडण्याची ताकीदही देते. त्याच सूरेतील २५६वी आयत धर्माच्या बाबतीत सक्ती नाकारते. २२व्या सूरेत युद्धाची अनुज्ञा देताना, अन्यायाचा प्रतिकार झाला नसता तर मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनामंदिरे आणि मशिदी उद्ध्वस्त झाल्या असत्या, असे कारण दिले आहे. ८व्या सूरेतील ६१वी आयत सांगते की, शत्रू शांततेकडे झुकला तर तुम्हीही झुकावे.

नवव्या सूरेचा स्वर याहून कठोर आहे. तिच्यातील पाचवी आयत पवित्र महिने संपल्यावर अनेकेश्वरवाद्यांना गाठून मारण्यास सांगते, आणि २९वी आयत ग्रंथधारी समाजांशी ते जिझिया देईपर्यंत लढण्यास सांगते. ही वचने सौम्य करून दाखवण्यात प्रामाणिकपणा नाही. तथापि चौथी आयत तह पाळणाऱ्यांना वगळते, आणि सहावी आयत आश्रय मागणाऱ्या अनेकेश्वरवाद्याला आश्रय देऊन सुरक्षित स्थळी पोहोचवण्याची आज्ञा देते. टीकाकार आणि अतिरेकी हे दोघेही पाचव्या आयतीवर थांबतात. सहाव्या आयतीपर्यंत दोघेही येत नाहीत. उलट दिशेचा निसटता मार्गही परिचित आहे. पाचव्या सूरेतील ३२वी आयत एका निरपराध जीवाची हत्या साऱ्या मानवजातीच्या हत्येसमान मानते, आणि शांततेच्या व्यासपीठावरून ती वारंवार सांगितली जाते. तिच्या लगतची आयत मात्र ईश्वर व पैगंबर यांच्याशी युद्ध पुकारून उपद्रव माजवणाऱ्यांसाठी कठोर शिक्षा सांगते. दोन्ही बाजूंनी अर्धे पान झाकून वाचण्याची सवय आहे.

'जिहाद' शब्दाचेही असेच झाले आहे. त्याचा मूळ अर्थ प्रयत्नांची पराकाष्ठा. प्रत्यक्ष लढाईसाठी 'किताल' हा निराळा शब्द कुराणात आहे. स्वतःच्या वासनांशी झुंजणे हा 'मोठा जिहाद' होय, ही परंपरा सूफी संतांनी जपली. हदीसशास्त्राच्या अनेक अभ्यासकांनी तिचा आधार दुर्बल ठरवला आहे, आणि मध्ययुगीन विधिशास्त्रात जिहादचा अर्थ प्रामुख्याने युद्ध हाच होता. परंतु आध्यात्मिक अर्थही त्याच समाजाने शतकानुशतके जगून दाखवला, हेही खरे आहे.

कोणती आयत प्रमाण?

इस्लामी अर्थशास्त्रात 'नस्ख' नावाचा सिद्धांत आहे. नंतर अवतरलेली आयत आधीच्या आयतीचा विधी रद्द करू शकते, असा त्याचा आशय. या सिद्धांताच्या आधारे काही मध्ययुगीन भाष्यकारांनी नवव्या सूरेतील पाचव्या आयतीने सलोख्याच्या शंभराहून अधिक आयती रद्द झाल्या, असे मानले. म्हणजे संख्येने अधिक असलेली शांततेची वचने एका वचनापुढे निष्प्रभ ठरली. वचनांची मोजणी करून ग्रंथाचा स्वभाव ठरत नाही, तो का, हे येथे कळते.

परंतु हा शेवटचा शब्द नव्हता. पंधराव्या शतकातील सुयूती यांनी रद्द झालेल्या आयतींची संख्या सुमारे वीसवर आणली. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी ती केवळ पाचवर आणली. एकोणिसाव्या शतकात सर सय्यद अहमद खान यांनी कुराणात नस्ख आहे, हेच नाकारले. सुदानचे महमूद मुहंमद ताहा यांनी तर हा क्रमच उलटा केला. मक्केतील आयती हा इस्लामचा सार्वकालिक संदेश असून मदिनेतील राज्यविषयक नियम हे सातव्या शतकापुरते होते, असे त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. १८ जानेवारी १९८५ रोजी खार्टूम येथे त्यांना धर्मत्यागाच्या आरोपावरून फाशी देण्यात आली. तीन महिन्यांच्या आत ती राजवट कोसळली, आणि १९८६ साली सुदानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्दबातल ठरवला. कोणती आयत कोणत्या आयतीच्या प्रकाशात वाचावी, या प्रश्नासाठी शहात्तर वर्षांच्या आसपासच्या एका वृद्ध विद्वानाने प्राण दिले. पुस्तकी वाटणाऱ्या या चर्चेचे मोल किती, हे त्यावरून उमगावे.

तुलनेची मर्यादा आणि नीती

दोन्ही परंपरांनी युद्धालाही बंधने घातली, याची नोंद घेतली पाहिजे. जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकाचा २०वा अध्याय काही नगरांतील सर्वांच्या संहाराची आज्ञा देतो, आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस वेढा घातलेल्या नगराभोवतीची फळझाडे तोडू नयेत, असे बजावतो. पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी सीरियाकडे निघालेल्या सेनापतीला दिलेल्या सूचना हदीसग्रंथात नोंदल्या आहेत. स्त्रिया, मुले व वृद्ध यांना मारू नये आणि फळझाडे तोडू नयेत, असे त्यांत आहे. युद्धाच्या ऐन धुमाळीतही मुळाशी कुऱ्हाड घालू नये, ही जाणीव दोन्हीकडे आहे. अहिंसेच्या परमोच्च आदर्शापासून ती फार दूर आहे, तरीही तिची दिशा तिकडचीच आहे.

ग्रंथातील करुणेचे वचन प्रमाण मानून संकटातही त्याला धरून राहणारी माणसेही दोन्हीकडे होऊन गेली. पाचव्या क्रुसेडच्या काळात, १२१९ साली, असिसीचे संत फ्रान्सिस इजिप्तमधील दमिएत्ता येथे शत्रुपक्षाची छावणी गाठून सुलतान अल-कामिल यांना नि:शस्त्र भेटले, आणि सुलतानाने त्यांना सुखरूप परत पाठवले. खान अब्दुल गफार खान यांनी १९२९ साली खुदाई खिदमतगार ही संघटना उभी केली. शस्त्राची परंपरा असलेल्या पठाणांनी ईश्वराची शपथ घेऊन अहिंसा स्वीकारली, आणि २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात ब्रिटिशांच्या गोळ्या छातीवर झेलल्या. बादशहा खान यांना अहिंसेसाठी कुराण बाजूला ठेवावे लागले नाही. तिचे बळ त्यांना कुराणातच आढळले.

म्हणून तुलना करणाऱ्याने काही पथ्ये पाळणे इष्ट ठरते. स्वतःच्या परंपरेतील उत्तम वचन आणि दुसऱ्याच्या परंपरेतील कठोर वचन समोरासमोर ठेवू नये. एका बाजूचा ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूचा इतिहास यांची तुलना करू नये. वचन कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी सांगितले, हे पाहिल्यावाचून अर्थ काढू नये. आणि कठोर वचन ग्रंथात नाहीच, असेही म्हणू नये. कारण जे नाकारले जाते त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार आपोआप अतिरेक्याच्या हाती जातो.

महाराष्ट्रात या वाचनाचा एक स्वच्छ आदर्श आहे. विनोबा भावे यांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबी भाषेचा अभ्यास केला आणि १९६२ साली 'कुराणसार' सिद्ध केले. 'ख्रिस्तधर्मसार'ही त्यांनी संकलित केले. पुढे त्यांच्याच प्रेरणेतून जैन परंपरेतील सर्व संप्रदायांना मान्य होईल असे 'समणसुत्तं' १९७४ साली साकार झाले. 'सार' काढणे म्हणजे निवड करणे. विनोबांनी ही निवड उघडपणे केली आणि ती करण्यापूर्वी संपूर्ण ग्रंथ वर्षानुवर्षे वाचला. निवड तर प्रत्येक वाचक करतोच. फरक एवढाच की, कोणी ती संपूर्ण ग्रंथ वाचून करतो आणि कोणी ग्रंथ न उघडता करतो.

१३ ऑक्टोबर २००७ रोजी १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना एक खुले पत्र पाठवले. ईश्वरावरील प्रेम आणि शेजाऱ्यावरील प्रेम ही दोन्ही ग्रंथांची समान भूमी होय, असे त्यात प्रतिपादिले होते. ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबी येथे पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुत्वाच्या निवेदनावर स्वाक्षऱ्या केल्या. या कागदांनी युद्धे थांबली नाहीत. परंतु कोणते वचन आधी वाचावे, याविषयी दोन महान समाजांतील जाणत्यांनी जाहीर ग्वाही दिली, याचे मूल्य कमी लेखता येणार नाही.

श्रोतेहो, 'ग्रंथात असे लिहिले आहे' या शब्दांनी पुष्कळ अपराध झाकले गेले आहेत आणि पुष्कळ द्वेष पोसला गेला आहे. ग्रंथात लिहिलेले असते ते पूर्वजांचे संचित. त्यातून कोणते वचन हाती घ्यावयाचे, हे हात पुढे करणारा ठरवतो. बायबल मराठीत आहे, कुराणाचे अनुवाद मराठीत आहेत. शेजाऱ्याच्या ग्रंथाविषयी मत देण्यापूर्वी त्याचे निदान एक प्रकरण, मागचे आणि पुढचे पान न झाकता वाचणे, एवढे व्रत कोणालाही घेता येईल. वाणीच्या अहिंसेचा आरंभ तेथूनच होतो.